रॉड्रिग्ज बेटावरील रानकॉफी : वनस्पतींच्या नोंदीविषयी एक पाठ

वनस्पतींची शास्त्रीय नोंद ठेवणे हे विद्यापीठांतील व मोठ्या उद्यानांतील तज्ज्ञांचे काम होय. खेड्यातील प्राथमिक शाळेचा व तेथील शिक्षकाचा त्याच्याशी काय संबंध, असा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात येत असेल. परिसर अभ्यास व सामान्य विज्ञान शिकविताना मुलांना पाने-फुले गोळा करून आणावयास आपण सांगतो खरे. परंतु तास संपला की ती पाने केराच्या टोपलीत जातात आणि त्यांच्याबरोबर ते कामही विसरले जाते. शिक्षकबंधुभगिनींनी म्हणून पुढील हकीकत अवश्य वाचावी. ती एका दूरच्या बेटावरची आहे. त्या बेटावरील एक झाड जगातून नाहीसे झाले, असे शास्त्रज्ञांनी धरून ठेवले होते. ते जिवंत आहे हे ज्या प्रसंगामुळे कळले, तो प्रसंग कोणत्याही प्रयोगशाळेत घडला नाही. त्याचा आरंभ शाळेच्या एका वर्गात झाला.

प्रथम भिंतीवर जगाचा नकाशा टांगावा व हिंदी महासागराकडे मुलांचे लक्ष वेधावे. आफ्रिकेच्या आग्नेयेस मादागास्कर हे मोठे बेट दिसते. त्याच्या पूर्वेस रेयुनियों, मॉरिशस व रॉड्रिग्ज अशी तीन लहान बेटे आहेत. यांस मॅस्करीन बेटे असे म्हणतात. समुद्रतळावरील ज्वालामुखींच्या उद्रेकातून ती वर आलेली असून कोणत्याही खंडाशी ती कधीही जोडलेली नव्हती, ही गोष्ट मुलांच्या मनावर विशेष ठसविली पाहिजे. कारण पुढील सर्व विवेचन तिच्यावर उभे आहे. तिहींत रॉड्रिग्ज सर्वांत लहान. त्याचे क्षेत्रफळ अवघे १०८ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या एखाद्या तालुक्याच्या कोपऱ्यात सहज मावेल एवढे. ते मॉरिशसच्या पूर्वेस सुमारे ५६० किलोमीटरवर असून १९६८ साली स्वतंत्र झालेल्या मॉरिशस राष्ट्राचाच तो भाग आहे. पुष्कळ नकाशांत ते दाखविलेलेही नसते. तेथे खडूने एक टिंब करावे.

मॉरिशसचे नाव महाराष्ट्राला परके नाही. १८३४ नंतर इंग्रजांनी उसाच्या मळ्यांवर काम करण्यासाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेले. त्यांत रत्नागिरी व आसपासच्या कोकणपट्टीतील माणसेही होती, आणि त्यांचे वंशज आजही तेथे मराठी म्हणून ओळखले जातात. ज्या जमिनीत त्यांनी ऊस लावला, त्या जमिनीवर पूर्वी अरण्य होते. आज मॉरिशस बेटावर मूळच्या अरण्याचा सुस्थितीतील भाग शेकडा दोन इतकाही उरलेला नाही. अर्थात अरण्यतोडीस डचांच्या काळापासूनच प्रारंभ झाला होता व मजुरांना त्या बाबतीत विचारणारे कोणी नव्हते. तरी आपल्या माणसांच्या घामाचा त्या भूमीशी संबंध आहे, एवढे वर्गात सांगावयास हरकत नाही. मुले अधिक कान देऊन ऐकतील.

आता मुख्य विषयाकडे वळू. समुद्रातून नव्याने वर आलेल्या उघड्या खडकावर झाडे येतात कोठून? काही बिया वाऱ्याने येतात. काही पक्ष्यांच्या पोटातून, पिसांतून वा पायांच्या चिखलातून येतात. काही लाटांवर तरंगत येतात. नारळाचे उदाहरण मुलांना चटकन पटते. परंतु शेकडो किलोमीटर समुद्र ओलांडून जिवंत पोहोचणे व रुजणे ही घटना इतकी दुर्मिळ की हजारो वर्षांत एखाददुसरी वनस्पतीच तेथे पाय रोवू शकते. एकदा रुजली म्हणजे मात्र तिच्या मायदेशातील भाऊबंदांशी तिचा संबंध तुटतो. पिढ्यांमागून पिढ्या ती बेटाच्या हवामानाला अनुरूप होत जाते आणि अखेर तिची स्वतंत्र जातच बनते. अशी जात जगाच्या पाठीवर दुसरीकडे कोठेही आढळत नाही. तिला प्रदेशनिष्ठ जाती असे म्हणतात. एकट्या मॉरिशस बेटावर मूळच्या सपुष्प वनस्पतींच्या सुमारे ६९० जाती नोंदल्या गेल्या असून त्यांपैकी २७० हून अधिक प्रदेशनिष्ठ आहेत. खंडावरील एखादे जंगल तुटले तरी तेथील बहुतेक झाडे शेजारच्या जंगलात शिल्लक राहतात. बेटावर शेजारचे जंगल नसते.

आणखी एक गोष्ट. या बेटांवर वटवाघळांखेरीज मूळचे सस्तन प्राणी नव्हते. शेळी, डुक्कर, हरिण, उंदीर यांपैकी तेथे काहीही नव्हते. पाने खाणारे मोठे प्राणी म्हणजे प्रचंड कासवे व काही न उडणारे पक्षी. मॉरिशसवरचा डोडो सर्वांना ऐकून माहीत असतो. रॉड्रिग्जवर त्याचाच एक चुलतभाऊ होता, त्यास सॉलिटेअर, म्हणजे एकांडा, असे नाव पडले. अशा ठिकाणच्या झाडांना शेळीपासून कसे वाचावे हे कोणी शिकविलेलेच नव्हते.

फ्रान्स्वा लेग्वा हा फ्रेंच प्रवासी काही सोबत्यांसह १६९१ ते १६९३ या काळात रॉड्रिग्जवर राहिला. त्याने लिहून ठेवलेल्या वृत्तांतात गर्द झाडी, वाहते ओढे व कळपांनी हिंडणारी कासवे यांचे वर्णन आहे. त्यानंतरच्या शंभर वर्षांत ते चित्र पालटले. कासवे जहाजांवर खाण्यासाठी हजारोंनी भरून नेण्यात आली व अठराव्या शतकाच्या अखेरीस ती संपली. सॉलिटेअर त्याच्याही आधी संपला. वणवे लागले, शेते झाली, गुरे व शेळ्या मोकळ्या सुटल्या. पुढे बाहेरून आणलेल्या झाडाझुडपांनी उरलेली जागा व्यापली. त्यांतील काहींची ओळख आपणांस आहे. टणटणी अथवा घाणेरी तेथेही आहे आणि आपण ज्याची लागवड हौसेने केली ते सुबाभूळही तेथे माजले आहे.

या पडझडीच्या काळातच रॉड्रिग्जच्या वनस्पतींची पहिली पद्धतशीर नोंद झाली, आणि तिचे निमित्त मोठे गमतीचे आहे. ९ डिसेंबर १८७४ या दिवशी शुक्राचा ग्रह सूर्यबिंबावरून सरकताना दिसणार होता. पृथ्वी व सूर्य यांमधील अंतर मोजण्यासाठी हे अधिक्रमण निरनिराळ्या ठिकाणांहून पाहावयाचे होते व इंग्रजांनी पाठविलेल्या पथकांपैकी एक रॉड्रिग्जवर उतरले. त्या पथकाबरोबर निसर्गाच्या अभ्यासासाठी काही तरुण धाडण्यात आले. त्यांतील आयझॅक बेली बाल्फोर हा स्कॉटलंडचा वनस्पतिशास्त्रज्ञ तेव्हा अवघा एकवीस वर्षांचा होता. ज्योतिषी आकाशाकडे पाहत होते, हा तरुण दऱ्याखोऱ्यांतून फांद्या गोळा करीत होता. त्याचा वनस्पतिविषयक वृत्तांत १८७९ साली प्रसिद्ध झाला. लेग्वाने वर्णिलेले अरण्य त्याला दिसले नाही. दिसले ते उजाड डोंगर व कडेकपारींत लपून राहिलेली थोडी झाडे. त्याने जर ‘बेट उजाड आहे’ एवढेच लिहून प्रयाण केले असते तर त्याला कोणी नावे ठेवली नसती. परंतु उरलेले प्रत्येक झाड त्याने पाहिले, वर्णिले व त्याचा नमुना जपून नेला.

या झाडांत एक लहानसे झुडूप होते. त्याला पांढरी, चांदणीसारखी पाच पाकळ्यांची फुले येतात. ते कॉफीच्या कुलातील आहे. आपल्याकडील कदंब व गेळ ही झाडे त्याच कुलातली. बेटावरील लोक त्यास काफे मारों म्हणतात, म्हणजे रानकॉफी. बाल्फोरने गेळ ज्या प्रजातीत गणला जाई त्याच प्रजातीत हे झुडूप घातले व त्याला ‘भिन्नपर्णी’ अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले. नावाचे कारण असे की त्याच्या कोवळ्या रोपाची पाने लांब, अगदी अरुंद, तपकिरी छटेची व ठिपकेदार असतात आणि झाड मोठे झाल्यावर येणारी पाने रुंद व हिरवीगार असतात. दोन्ही पाने शेजारी ठेवली तर ती एकाच झाडाची आहेत यावर मुलांचा विश्वास बसणार नाही. असा प्रकार बेटावरील इतर अनेक झाडांतही बाल्फोरला आढळला. कासवांची मान पोहोचेल तेवढ्या उंचीपर्यंत पाने सुकल्या काडीसारखी दिसावी व त्यांच्या तोंडून रोप वाचावे, यासाठी ही योजना असेल असे काही शास्त्रज्ञ अनुमान करतात. अनुमान म्हणूनच ते सांगावे.

येथे थोडे थांबून वनस्पतिसंग्रह म्हणजे काय ते समजावून घेतले पाहिजे. झाडाची फुले वा फळे असलेली एक फांदी कागदांत दाबून वाळवितात, जाड कागदावर चिकटवितात व खाली चिठ्ठी लावतात. चिठ्ठीवर जागा, दिनांक, गोळा करणाऱ्याचे नाव व क्रमांक, झाडाची उंची, जमिनीचा प्रकार, आणि वाळल्यावर नष्ट होणाऱ्या गोष्टी, म्हणजे फुलाचा रंग व वास, ही माहिती असते. स्थानिक नावही लिहितात. लंडनजवळील क्यू येथील उद्यानाच्या संग्रहात असे सुमारे सत्तर लाख नमुने आहेत. मॉरिशसमध्येही १९६० पासून स्वतंत्र वनस्पतिसंग्रहालय आहे, आणि तिन्ही मॅस्करीन बेटांच्या वनस्पतींचा बृहद्ग्रंथ १९७६ पासून खंडाखंडांनी प्रसिद्ध होऊ लागला. एखादी नवी जात प्रथम वर्णिली जाते तेव्हा ती ज्या नमुन्यावरून वर्णिली तो नमुना प्रमाण म्हणून जपून ठेवतात. पुढे वाद उत्पन्न झाला म्हणजे सर्वजण त्या कागदाकडे परत येतात. जमिनीच्या वादात जसे आपण मूळ मोजणीच्या नकाशाकडे जातो, तसेच हे आहे.

नमुन्यापेक्षा चिठ्ठीचे महत्त्व अधिक, हे मला एका शाळेत कळले. काही वर्षांपूर्वी तेथील मुलांनी केलेला पानांचा संग्रह मला दाखविण्यात आला. काम अतिशय नेटके होते. एक पान सुरकुतलेले नव्हते. प्रत्येक पानाखाली सुंदर अक्षरांत लिहिले होते, ‘पान’. दोन-तीन ठिकाणी ‘रानटी पान’ असेही होते. पान कोठले, कधी आणले, झाड केवढे होते, काहीही नाही. त्यांतले एक पान मला अपरिचित वाटले, पण ते आणणारा मुलगा शाळा सोडून गेला होता. त्या सुंदर वहीचा उपयोग पुढे कोणालाही होणे शक्य नव्हते. दोष मुलांचा नव्हता. त्यांना ‘पाने चिकटवा’ एवढेच सांगितले गेले होते.

आता रॉड्रिग्जकडे परत जाऊ. बाल्फोरनंतर रानकॉफी दिवसेंदिवस दुर्मिळ होत गेली आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ती नष्ट झाल्याचे मानण्यात येऊ लागले. १९८० च्या सुमारास बेटावरील रेमंड आ-की या शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्यांना बेटावरील मूळच्या झाडांचा पाठ देण्याचे ठरविले. त्याच्याजवळ एकोणिसाव्या शतकात काढलेल्या रानकॉफीच्या चित्राची प्रत होती. ते चित्र त्याने वर्गात दाखविले व दुर्मिळ झाडे शोधून काढण्याच्या कामी मुलांना लावले. एका विद्यार्थ्याने तशाच झाडाची फांदी आणून दिली. ती फांदी पुढे क्यू येथील तज्ज्ञांकडे गेली आणि जुन्या नोंदींशी ताडून पाहता ती रानकॉफीच असल्याचे निश्चित झाले. झाड कोठे एखाद्या दुर्गम कड्यावर नव्हते. ते रस्त्याच्या कडेला उभे होते. शेळ्यांनी कुरतडलेले, किडीने ग्रासलेले, एकटे. त्याच्यावरून रोज माणसे जात-येत होती. दुसरे झाड आजवर रानात सापडलेले नाही.

या प्रसंगाचे स्वरूप शिक्षकाने नीट पाहण्यासारखे आहे. मुलाजवळ डोळे होते, परंतु आपण पाहतो ते काय आहे हे त्यास ठाऊक नव्हते. तज्ज्ञांजवळ ज्ञान होते, परंतु ते हजारो किलोमीटर दूर होते. या दोहोंच्या मध्ये एक कागद होता, व तो कागद योग्य वर्गात योग्य वेळी दाखविणारा एक शिक्षक होता. चित्र रेखाटणाऱ्याने पानाच्या कडा किंवा फुलाच्या पाकळ्या अंदाजाने काढल्या असत्या, तर तो मुलगा ती फांदी घेऊन आलाच नसता.

झाड सापडल्याने त्याचे हाल संपले असे मात्र झाले नाही, उलट वाढले. रानकॉफीचा पाला काही रोगांवर औषध म्हणून बेटावर पूर्वीपासून ठाऊक होता. मोठमोठे शास्त्रज्ञ या झाडासाठी धावून येत आहेत, त्या अर्थी ते फारच गुणकारी असले पाहिजे, असा तर्क लोकांनी केला आणि रात्री-बेरात्री फांद्या, पाने तोडून नेण्यास सुरुवात झाली. झाडाभोवती कुंपण घातले. ते ओलांडले जाऊ लागले तेव्हा त्याभोवती आणखी कुंपण घातले. लोकांना दोष देणे सोपे आहे. त्यांना झाडाची बातमी कळली होती, त्याची अवस्था कोणी समजावून दिली नव्हती. आपल्या गावातही एखादी दुर्मिळ औषधी वनस्पती आढळली तर तिची जागा फळ्यावर लिहून जाहीर करू नये, हा व्यावहारिक धडा यातून घ्यावा.

१९८६ साली या झाडाच्या फांद्यांचे तुकडे विमानाने क्यू येथे नेण्यात आले. त्यांतील एकाने मुळे धरली. त्या एका कलमापासून पुढे दुसरी कलमे झाली आणि ती भरभरून फुलली. पण फळ काही धरेना. येथे शिक्षकाने कलम व बीज यांतील भेद सांगावा. कलम म्हणजे त्याच झाडाचा तुकडा. कलमे कितीही झाली तरी झाड एकच. नव्या पिढीसाठी बीजच हवे आणि बीजासाठी परागकणांनी कुक्षीवर रुजून अंडाशयापर्यंत पोहोचले पाहिजे. या झाडाच्या फुलांत परागकण होते, पण कुक्षी त्यांना स्वीकारीत नव्हती. सतरा वर्षे ही अडचण कायम राहिली. अखेर क्यू येथील उद्यानतज्ज्ञ कार्लोस माग्दालेना यांनी फुलाच्या कुक्षीचा भाग कापून त्या ताज्या जखमेवरच परागकण लावून पाहिले. असे प्रयोग पुनःपुन्हा केल्यानंतर २००३ साली एक फळ धरले व त्यात बी मिळाले. त्या बियांपासून झालेल्या रोपांनी पुढे अधिक सुलभतेने फळे दिली. बियाणे रॉड्रिग्जला परत पाठविण्यात आले आणि तेथे रोपे वाढविण्यात आली. कोवळ्या रोपांना ती जुनी अरुंद, ठिपकेदार पाने आली. बाल्फोरने जे वर्णिले होते ते पुन्हा जिवंत पाहावयास मिळाले.

सापडलेल्या झाडाच्या तपासणीतून आणखी एक गोष्ट पुढे आली. हे झाड गेळाच्या जवळचे नाही, असे दिसून आल्यावर मॉरिशसचे वनस्पतिशास्त्रज्ञ तिर्वेंगडम यांनी १९८२ साली त्याच्यासाठी रामोस्मानिया ही नवीन प्रजाती स्थापन केली. आता तज्ज्ञ तिच्यात दोन जाती मानतात. बाल्फोरने ‘भिन्नपर्णी’ म्हणून ज्या जातीचे वर्णन केले ती वेगळी होती व ती खरोखरीच नाहीशी झाली आहे. रस्त्याकाठी सापडलेली ती तिची सख्खी बहीण. हा निवाडा कशाच्या आधारे करता आला? कपाटात शंभर वर्षे पडून असलेल्या वाळक्या फांद्यांच्या आधारे. ज्या जातीचे एकही झाड उरले नाही, तिच्याविषयी आपणांस जे काही ठाऊक आहे ते त्या कागदांवर आहे, अन्यत्र कोठेही नाही.

मॅस्करीन बेटांवर अशी कथा एकाच झाडाची नाही. मॉरिशसमधील क्यूरपीप येथील उद्यानात पोफळीच्या कुलातला एक ताड उभा आहे. त्या जातीचे ते जगातील एकमेव झाड होय. त्याचे बी धरून नवी रोपे वाढविण्याचे प्रयत्न आजवर सिद्धीस गेलेले नाहीत. मॉरिशसने १९९२ साली ज्या फुलाला राष्ट्रीय पुष्पाचा मान दिला, त्या त्रोशेशियाच्या झुडपाचे निसर्गातले घर नैर्ऋत्येकडील ल मोर्न हा एकच डोंगर आहे.

जाता जाता एक इशारा द्यावासा वाटतो. मॉरिशसवर तांबालाकोक नावाचा एक वृक्ष आहे. डोडो पक्ष्याच्या पोटातून गेल्याखेरीज त्याचे बी रुजत नाही, म्हणून डोडो संपल्यापासून तीनशे वर्षांत त्याचे एकही नवे झाड झाले नाही, अशी कथा १९७७ साली एका शास्त्रज्ञाने मांडली व ती फार लोकप्रिय झाली. ती अजूनही अनेक पुस्तकांत छापली जाते. परंतु पुढील निरीक्षणांत या वृक्षाची तरुण झाडे आढळली आणि पक्ष्याच्या पोटात न गेलेले बीही रुजते असे दिसून आले. कथा मोठी आकर्षक आहे, मुलांना ती आवडेलही. पण झाडे नीट मोजली व त्यांची वये तपासली गेल्यावर ती टिकली नाही. सांगावयाची झाल्यास या शेवटासह सांगावी.

१९८९ साली वेंडी स्ट्राम यांनी रॉड्रिग्जच्या संकटग्रस्त वनस्पतींची स्वतंत्र नोंदपुस्तिका प्रसिद्ध केली. प्रत्येक जातीची किती झाडे उरली, कोठे उरली, हे एकदा कागदावर आल्यानंतरच पुढील कामाला दिशा मिळाली. ग्रांद मोंतान्य व आंस कितोर या दोन राखीव क्षेत्रांत कुंपणे घालून, परकी झुडपे उपटून त्यांच्या जागी मूळची झाडे लावण्याचे काम चालू झाले. ते काम अत्यंत सावकाश चालते. उपटलेली परकी झुडपे पुन्हा उगवतात व पुन्हा उपटावी लागतात. आपल्या शेतातल्या हरळीची आठवण यावी असेच ते आहे.

वर्गात काय करता येईल

आपले गाव बेट नाही, हे खरे. तथापि सह्याद्रीतील कडे, किल्ले व कातळसडे यांवर बेटाप्रमाणेच एकाकी पडलेल्या वनस्पती आहेत. शिवनेरीसारख्या किल्ल्यांच्या कड्यांवर आढळणारी शिंदळ माकुडी महाराष्ट्राबाहेर आढळत नाही. तेव्हा वरील पाठ केवळ ऐकवून न सोडता त्यास जोडून पुढील उद्योग द्यावा.

शाळेसाठी एक जाड वही करावी. प्रत्येक पानावर एकच वनस्पती. झाडाखाली उभे राहूनच माहिती लिहावी, घरी येऊन आठवणीने लिहू नये. दिनांक, गाव व जागेची खूण, झाडाची उंची, फुलाचा रंग व वास, मधमाशी वा फुलपाखरू येते काय, आणि घरातील वडीलधारी माणसे त्यास काय म्हणतात. आजीने एक नाव सांगितले व शेजारच्या वाडीत दुसरे सांगितले तर दोन्ही लिहावीत. चूक कोणते हे ठरविण्याची घाई नको. शास्त्रीय नाव माहीत नसले तर जागा कोरी ठेवावी. कोऱ्या जागेने नुकसान होत नाही, अंदाजाने लिहिलेल्या नावाने होते. चित्र प्रत्येकाने काढावे. चित्र सुरेख नसले तरी चालेल, परंतु पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक, पाकळ्या किती, हे मोजून काढलेले असावे.

फांदी वाळविण्यासाठी जुनी वर्तमानपत्रे, दोन फळ्या व वर ठेवावयास दगड एवढे साहित्य पुरे. पहिले आठ दिवस कागद रोज बदलावेत. पावसाळ्यात दमट हवेने बुरशी येते, म्हणून कागद चुलीजवळ ऊन करून घ्यावेत. ज्या झाडाची आसपास वीस-पंचवीस झाडे सहज दिसतात, त्याचीच लहान फांदी घ्यावी. एकटेदुकटे झाड असेल तर त्याचे चित्र व टिपण पुरेसे आहे; त्याला हात लावू नये आणि मुळासकट तर काहीच उपटू नये. ओळख न पटलेल्या झाडाचे चित्र व टिपण जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्र विभागाकडे पाठवावे. उत्तर येण्यास विलंब लागला तरी मुलांना ते वाचून दाखविण्यास विसरू नये.

वहीच्या पहिल्या पानावर शाळेचे नाव व वही सुरू केल्याचा दिनांक घालून तिची नोंद शाळेच्या जडसंग्रह वहीत करावी. शिक्षकाची बदली झाली म्हणजे वही त्याच्या सामानाबरोबर जाते आणि नव्या शिक्षकाला पहिल्यापासून आरंभ करावा लागतो, असे पुष्कळ ठिकाणी घडते. पदभार देताना इतर दप्तराबरोबर ही वहीही मोजून द्यावी व घ्यावी.